बडोदे: मेअखेर घर सोडायचं, नव्याचा ताबा दिवाळीला. मधले पाच महिने सामान कुठे आणि कसं ठेवावं?

दांडियाबाजारवाली
दांडिया बाजारातलं भाड्याचं घर ३१ मेला रिकामं करून द्यायचं आहे. मांजलपूरच्या फ्लॅटचा ताबा बिल्डर दिवाळीच्या सुमारास देईन म्हणतो. तोवर आम्ही वाघोडिया रोडला दिरांकडे, पण तिथे आमच्या वाट्याला एकच खोली.

सामान असं: एक गोदरेजचं कपाट, एक जुनं सागवानी, डबल बेड, तीन जणांचा सोफा, सहा खुर्च्यांचं डायनिंग, दोन गाद्या, संखेड्याचा (लाखेच्या कामाचा) झोपाळा पितळी कड्यांसकट, संखेड्याच्याच दोन खुर्च्या, फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, इन्व्हर्टर आणि बॅटरी, पितळेची भांडी आणि भरपूर पुस्तकं.

पर्याय तीन आहेत. (अ) पॅकर्सवाल्याचं मकरपुऱ्यातलं गोडाऊन. (ब) अकोट्यात नात्यातल्यांचा बंद बंगला, तळमजला, फुकट. (क) तरसालीकडे वरच्या मजल्यावर १ बीएचके भाड्याने घेऊन त्यात सगळं कोंबणं. आमच्या गल्लीत छोटा हत्ती टेम्पो शिरतो, आयशर ट्रक नाही.

आयशर चौदा
आधी टेप काढा, फोन नंतर. सामानाचे घनफूट हातात नसतील तर कुणाचंही कोटेशन महाग की स्वस्त हे कळणार नाही.

तुमच्या यादीवरून: कपाटं प्रत्येकी ३×२×६.५ फूट धरली तर दोन्ही मिळून ७८. बेड सुटा करून ३०. सोफा ६.५×३×३, म्हणजे ५८. दोन गाद्या ३२. फ्रिज २७, मशीन १२. डायनिंग सुटं करून, खुर्च्या एकमेकींवर उलट्या ठेवून २०. खोकी ४० धरा, १८ इंची खोकं साधारण ३.४ घनफुटांचं, म्हणजे १३५. झोपाळा, खुर्च्या, एसी, बादल्या-डबे मिळून ५०. बेरीज ४४२.

१४ फुटी आयशरचा हौदा ढोबळ १४×६×६, म्हणजे ५०० घनफूट. एका खेपेत मावतं. पण तुमच्या गल्लीतून छोट्या हत्तीने मोठ्या रस्त्यापर्यंत आणायचं आणि तिथे पुन्हा आयशरमध्ये चढवायचं म्हणजे दुहेरी हमाली, आणि ओरखडे पडतात ते नेमके या मधल्या चढ-उतारात. त्यापेक्षा छोट्या हत्तीच्या चार खेपा थेट गोडाऊनपर्यंत करा. एका खेपेत नीट रचलेलं १०० ते १२० घनफूट जातं.

खोली ८×१० घ्या. सहा फुटांपर्यंत रचलं तर ४८० घनफूट, बसतं.

सूरसागर पाळ
बसतं खरं, पण दार लावलं की आत मुंगीलाही वाट नाही. पाच महिन्यांचा मामला आहे. मधे एखादं खोकं काढायचं, वाळवी बघायची तर दोन फुटी बोळ हवाच, आणि चारही भिंतींपासून सहा इंच अंतर. १०×१२ घ्या. सहा फुटांपर्यंतच्या ७२० घनफुटांतून भिंतींकडच्या अंतराचे १२६ आणि बोळाचे १०८ वजा केले तरी ४८६ उरतात. ८×१० मध्ये अर्धं सामान बाहेर काढल्याशिवाय मागचं दिसत नाही, आणि बरेच गोडाऊनवाले दर वेळी उघडण्याचे, माणसं लावण्याचे वेगळे पैसे घेतात. भाड्यात वाचवलेलं तिथे जातं.

आयशर चौदा
बोळाचं मान्य. १०×१२ च घ्या.

पुस्तकांचं राहिलं. १८ इंची खोक्यात पुस्तकं भरू नका, वजन ५० किलोच्या वर जातं आणि तळ जिन्यातच सुटतो. १६×१२×१२ इंची, निदान ५ प्लायचं खोकं घ्या. तेही तीन चतुर्थांश पुस्तकं आणि वर चादरी-टॉवेल असं भरा. तळाला टेप जोडावर एक आणि दोन्ही कडांवर आडव्या. वाण्याकडची खोकी नकोत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी आणि धान्यातले किडे येतात. औषधांच्या घाऊक दुकानातली स्वच्छ असतात.

विश्वामित्रीकाठ
(ब) आजच खोडून टाका. अकोटा, तळमजला आणि जून ते ऑक्टोबर, हे तिन्ही एकत्र चालत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. २०२४ च्या ऑगस्टअखेर तर विश्वामित्रीचं पाणी अकोटा, मुजमहुडा, फतेगंज, समा भागांत घरांमध्ये शिरलं. वर धो धो पाऊस आणि आजवा धरणाचं पाणी नदीत, असं जुळून आलं की सामान हलवायला माणूसही मिळत नाही आणि रस्ताही. (मगरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसतात ते वेगळंच.) फुकटची जागा सगळ्यांत महाग पडायची.

मकरपुऱ्याचं गोडाऊन बघायला जाल तेव्हा भिंतीचा रंग बघू नका, तो नवा असतो. विजेच्या मीटरपेटीचा तळ, शटरची खालची पट्टी, मागच्या दाराच्या चौकटीचा पाय बघा. पाणी येऊन गेलं असेल तर तिथे चिखलाची आडवी रेघ आणि गंजाची टोकं सापडतात. समोरच्या चहाच्या हातगाडीवाल्याला विचारा, तो खरं सांगतो.

दुसरं म्हणजे छत. स्लॅब असेल तर उत्तम. पत्रा असेल तर भर दुपारी जा, शटर पूर्ण खाली ओढायला सांगा आणि आत अंधारात उभं राहून वर बघा. बोल्टच्या भोकांतून उजेडाचे ठिपके दिसले की पावसाळ्यात तिथूनच धार लागणार. मे महिन्यात ४२-४३ अंशाला पत्र्याखाली काय होतं ते कडीपाट सांगतील.

कडीपाट
सांगतो, कारण नव्वद टक्के नुकसान तिथेच होतं आणि दोष मात्र टेम्पोवाल्याला मिळतो.

प्रवासाचं पॅकिंग वेगळं आणि साठवणीचं वेगळं. ट्रकमध्ये सामान चार तास असतं, तिथे धक्का आणि घासणं हे शत्रू. गोडाऊनमध्ये पाच महिने असतं, तिथे ओल, उष्णता आणि कीड. ट्रकसाठी जे गुंडाळता ते पोचल्यावर बरंचसं उतरवायला लागतं, आणि हे कुणी सांगत नाही, कारण पॅकर्सच्या माणसाला सामान टाकून पुढच्या कामाला पळायचं असतं.

संखेड्याच्या सामानाला बबल रॅप थेट कधीच लावू नका. त्यावरची लाख उष्णतेने मऊ पडते आणि बुडबुड्यांचे ठसे उमटतात. ते पुसून जात नाहीत, पुन्हा लाख चढवावी लागते. आधी जुनं सुती धोतर किंवा साडी, त्यावर कोरुगेटेड शीट, दोरी सुतळीची आणि गाठ पुठ्ठ्यावर. चिकटपट्टी लाखेला लावायची नाही. सागवानी कपाटाच्या फ्रेंच पॉलिशलाही हेच.

झोपाळा उतरवताना कड्यांची चारही झुंबरं (साखळ्या) वेगळी ठेवा. पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी, अशा कापडी चिठ्ठ्या बांधून. वर्षानुवर्षं झिजून प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी झालेली असते. अदलाबदल झाली तर पाट तिरका लोंबतो आणि लोक उगाच नव्या हुकाला दोष देतात. प्रत्येक झुंबर सुती पिशवीत, वर्तमानपत्रात नाही. रद्दीचा कागद ओल धरतो आणि पितळ काळं पडतं. पितळेच्या भांड्यांचंही तसंच: चिंचेने घासा, उन्हात खडखडीत वाळवा, मग कापडात. पाट आडवा ठेवा, दोन्ही टोकांना आणि मधे आधार, वर वजन नाही. भिंतीला टेकवून उभा ठेवलात तर पावसाळ्यात पोट काढतो.

सागवानी कपाट खुंट्यांचं असेल तर सुटं होतं, पण हातोडीला लाकडी ठोकळा लावूनच. खुंट्या आणि पाचरी एका पिशवीत आणि ती पिशवी त्याच कपाटाच्या खणात. बेड प्लायवूडचा की पार्टिकल बोर्डचा? पार्टिकल बोर्डचा असेल तर तोच स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा धरत नाही, जोडणीच्या वेळी सुतार आधीच ठरवून ठेवा.

गोदरेजचं कपाट रिकामं करूनच हलवा, कपड्यांसकट उचललं की तळाचा पत्रा वाकतो. गोडाऊनमध्ये चारही पाय समपातळीत हवेत. एका पायाखाली फट राहिली तर पाच महिन्यांत सांगाडा पीळ धरतो आणि दार लागेनासं होतं. लाकडी पाचर द्या. दारं किंचित उघडी.

दांडियाबाजारवाली
बेड प्लायचा आहे. पण पॅकर्सवाला म्हणतो, प्रत्येक वस्तूला तीन थर बबल रॅप आणि वर स्ट्रेच रोल, एकदम सीलबंद, वर्षभर हात लावायला नको. ते चुकीचं का? उलट धूळ, उंदीर, झुरळं यांना अडवेल ना?

कडीपाट
चार तासांसाठी बरोबर, पाच महिन्यांसाठी चूक. लाकडात, कापसात, पुठ्ठ्यात ओल असतेच. मेमध्ये सीलबंद केलं की ती आत राहते, जूनमध्ये हवा बदलली की प्लास्टिकच्या आतून घाम धरतो आणि ऑगस्टला उघडाल तेव्हा पांढरी-हिरवी बुरशी. गादी सोफ्याच्या आधी जाते.

गोडाऊनला पोचल्यावर स्ट्रेच रोल ब्लेडने कापून काढायला लावा, स्वतः उभं राहून. गाद्या आणि सोफा आधी दोन दिवस कडक उन्हात टाका, मग सुती चादरीत. काथ्याची गादी दुमडायची नाही, सपाट ठेवा आणि ढिगाच्या सगळ्यांत वर.

न्यायमंदिर घड्याळ
उंदराचं काय मग? चादर तर तो एका रात्रीत कुरतडतो.

सूरसागर पाळ
उंदीर स्ट्रेच रोलही कुरतडतो, तोही एकाच रात्रीत. त्याला अडवायचं तर दार अडवा. शटरच्या खाली रबर पट्टी, भिंतीतल्या पाइपांच्या भोकांत स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट, आणि खायची एकही वस्तू आत नाही. अर्धा किलो तांदूळ, मसाल्याचा डबा, बिस्किटं, कुत्र्याचं खाद्य, काही नाही. वापरात असलेला साबणही नको.

धुळीसाठी ढिगाच्या वरून एक ताडपत्री, छत्रीसारखी. खाली बाजूंनी दीड-दोन फूट मोकळी, म्हणजे वारा फिरतो आणि छत गळलं तर पाणी बाहेर ओघळतं.

खालून पॅलेट. जमिनीवर एकही वस्तू थेट नाही, ४ ते ६ इंच उंच. प्लास्टिकचे पॅलेट मिळाले तर बघा. लाकडी असतील तर भिंतीला टेकलेले नकोत, वाळवी भिंतीतून थेट त्यावर येते. दर दोन-तीन आठवड्यांनी टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेने बघा. मातीची बोरूइतकी जाड नळी वर चढताना दिसली की त्याच दिवशी पेस्ट कंट्रोल, नळी मोडून समाधान मानू नका.

डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत, कपड्यांच्या खोक्यात. थर्माकोल आणि कडक प्लास्टिकच्या वस्तूंना त्या लागू देऊ नका, तो भाग चिकट होतो.

थंडा कॉम्प्रेसर
यंत्रांचं माझ्याकडे. पहिला सल्ला: जे चालू ठेवता येईल ते साठवू नका. इन्व्हर्टर-बॅटरी दिरांकडे जोडून टाका. लेड ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरते, उतरलेल्या अवस्थेत महिने काढले की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि मग ती भंगारातच. अगदीच ठेवायची तर पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून, उभी, आणि महिन्या-दीड महिन्याला पुन्हा चार्ज. बंद गोडाऊनमध्ये कपड्यांशेजारी कधीच नको. सोडवताना आधी काळी वायर, जोडताना ती शेवटी.

फ्रिज: २४ तास आधी बंद, बर्फ पूर्ण वितळू द्या. मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा एक छोटा ट्रे असतो, तो सगळे विसरतात, तिथलं पाणी टेम्पोत सोफ्यावर सांडतं. ट्रे आणि दाराच्या रबराच्या घड्या कापडाने कोरड्या करा. दार कायम दोन बोटं उघडं, मधे कापडाचा बोळा. आत कोळशाचे दोन-चार तुकडे. न्यायचा उभाच. आडवा गेलाच तर नव्या घरी निदान अर्धा दिवस उभा ठेवून मगच चालू, कारण कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं.

फ्रंट लोड मशीन: ट्रान्झिट बोल्ट कुठे आहेत? नवीन मशीनसोबत मागून काढलेले, बहुतेक चार, काहींत तीन. ते न लावता हलवलं तर ड्रम सस्पेन्शनवर आपटत जातो आणि पहिल्याच स्पिनला मशीन खोलीभर फिरतं. हरवले असतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगून मागवा, मे उजाडायच्या आत. खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणी काढा, इनलेट पाइप रिकामे करा, दार उघडं.

एसी: काढणाऱ्याला 'पंप डाउन' करायला सांगा आणि समोर उभे राहा. कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद, थोड्या वेळात सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गेला की जाड नळीचा बंद, आणि लगेच वीज बंद. इन्व्हर्टर एसी नेहमीच्या कूलिंगवर मधेच वेग कमी करतो, म्हणून टेस्ट किंवा फोर्स मोडवर टाकावा लागतो. जो माणूस पाना लावून सरळ गॅस हवेत सोडतो त्याला तिथेच थांबवा. नवा गॅस तुमच्याच खिशातून जाणार, आणि आर-३२ असेल तर तो थोडा ज्वालाग्राहीही आहे. चारही तोंडांना टोप्या, नसतील तर प्लास्टिक आणि टेप. आत ओल गेली तर नव्या घरी नुसता गॅस भरून भागत नाही, व्हॅक्यूम करावंच लागतं. तांब्याची नळी मोठ्या वेटोळ्यात, कुठेही मुरड न पडू देता.

टीव्ही यादीत नाही, पण असेल तर उभाच. आणि सगळ्या रिमोट-घड्याळांतले सेल काढा.

रावपुरा टपाल
गॅसचं कुणी बोललं नाही. पाइपगॅस असेल तर मीटर स्वतः सोडवायचा नाही, कंपनीत अर्ज देऊन बंद करून घ्यायचा आणि शेवटच्या रीडिंगचा फोटो. सिलिंडर असेल तर भरलेला काय, रिकामा काय, गोडाऊनमध्ये नाही. शहरातल्या शहरात त्याच कंपनीच्या दुसऱ्या वितरकाकडे जोडणी बदलता येते, सिलिंडर परत करावा लागत नाही. शहर बदललं तरच जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. एमजीव्हीसीएलच्या (वीज कंपनीच्या) मीटरचाही रीडिंगसकट फोटो घरमालकाच्या समोर काढा.

थंडा कॉम्प्रेसर
आणि केरोसीन, ऑइल पेंट, डिओचे डबे, लायटर, कापूर, उरलेले फटाके हेही नाही. मेमधला पत्रा विसरू नका.

लेजरची पानं
कागदांकडे वळू या, कारण भांडण तिथेच होतं.

फोनवरचं कोटेशन घेऊ नका. माणूस घरी येऊन, माळा-गच्ची बघून, वस्तूंची यादी लिहून दर देईल तोच धरा. टेम्पो भरल्यावर 'सामान जास्त निघालं' म्हणून जादा मागणं हा ठरलेला प्रकार आहे, त्याला यादी हेच उत्तर. लेखी घ्या: भाडं महिन्याचं की दिवसाचं (बरेच जण चार दिवस वर गेले तरी पूर्ण महिना लावतात), किमान मुदत किती, आत ठेवण्याची आणि बाहेर काढण्याची हमाली भाड्यात आहे का, भेटीचे पैसे किती, कुलूप कुणाचं. सामायिक हॉलमध्ये नुसती खडूने रेघ मारून जागा देत असतील तर नको. स्वतंत्र खोली आणि तुमचं कुलूप.

यादीत 'स्थिती' असा एक रकाना असतो. त्यात सरसकट 'जुनं, ओरखडे' लिहिलेलं असतं आणि आपण घाईत सही करतो. मग नवा ओरखडा सिद्ध करणार कसा? प्रत्येक वस्तूपुढे खरी स्थिती लिहायला लावा, त्याच दिवशी चारही बाजूंनी फोटो. बिल्टीवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असेल तर विम्याशिवाय पुढे जाऊ नका.

विमा दोन वेगळे: वाहतुकीचा आणि साठवणीचा. वाहतुकीचा सामान गोडाऊनमध्ये उतरलं की बहुधा संपतो. साठवणीच्या पॉलिसीत वादळ-पूर, म्हणजे एसटीएफआय, आहे का ते नाव घेऊन विचारा, आपल्या शहरात तेच महत्त्वाचं. गोडाऊनवाला 'आमचा विमा आहे' म्हणाला तर त्या पॉलिसीत इतरांचा ठेवलेला माल येतो का ते वाचा. किंमत कमी लावून हप्ता वाचवू नका. सामान ६ लाखांचं आणि विमा ३ लाखांचा असेल तर १ लाखाच्या नुकसानीला ५० हजारच मिळतात. दागिने, रोकड, कागदपत्रं यांत येत नाहीत, ती लॉकरमध्ये किंवा तुमच्याजवळ.

दांडियाबाजारवाली
सगळ्यांचे आभार. (ब) गेला. (अ) आणि (क) मध्ये काय? तरसालीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

सूरसागर पाळ
माझं मत (क). स्लॅब आहे, पुराची धास्ती नाही, कुलूप तुमचं, हवं तेव्हा जा. हमाली दोन मजल्यांची दोनदा लागेल, डिपॉझिट आणि दलाली धरा, तरी ओलीचा धोका निम्म्याने कमी. फक्त सगळं वजन एका खोलीच्या मध्यात रचू नका, पुस्तकांची खोकी भिंतींच्या बाजूला पसरा, सहा इंच सोडूनच.

बंद फ्लॅटची एक खोड आहे: नहाणी ट्रॅप आणि बेसिनमधलं पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि गटारातली झुरळं वर येतात. दर वेळी जाल तेव्हा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता, त्यावर चमचाभर तेल टाकलं तर उशिरा सुकतं. कमोडवर प्लास्टिक ताणून झाकण खाली. कोरड्या दिवशी तासभर खिडक्या उघडा, पावसात नाही. खिडकीखाली दोन फूट काही ठेवू नका.

आयशर चौदा
रचण्याचा क्रम: जे सगळ्यांत आधी लागणार ते शेवटी आत. नवरात्रीचे कपडे, स्वेटर, मुलांची दुसऱ्या सत्राची पुस्तकं, गणपतीची आरास दाराशी. खोक्यावर नंबर तीन बाजूंना, झाकणावर नाही, कारण झाकणावर दुसरं खोकं येतं.

लेजरची पानं
मुदत किती लिहायची ते बघा. दिवाळीला ताबा म्हणजे बिल्डरची दिवाळी. बीयू परवानगी (इमारत वापरायची मंजुरी) आलेली नसेल तर किल्ली मिळाली तरी राहायला जाऊ नका, आणि ती दिवाळीनंतर रेंगाळली तर डिसेंबरच्या मध्यापासून कमुरता, म्हणजे गुजरातेत शुभकार्यं टाळतात तो महिना, लागतो. मग १४ जानेवारीपर्यंत गृहप्रवेश कुणी करत नाही, उत्तरायणाचे दोन दिवस मजूर पतंग उडवायला गच्चीवर असतात आणि त्यानंतर सगळे एकदम टेम्पो शोधतात. म्हणून करार ऑक्टोबरचा नको, जानेवारीअखेरचा करा, एका महिन्याच्या नोटिशीने आधी सोडण्याची मुभा ठेवून. फ्लॅट घेतलात तर घरमालकाला ११ महिन्यांचा करार हवा असेल, त्यातही हेच कलम घाला आणि 'लॉक-इन' नाही ना ते तपासा.